फळ टिकेल, पण फायदा कुणाच्या पदरी?



नाशवंत माल म्हणजे काय, हे ऊस उत्पादकाला निराळे सांगायला नको. फडातून तोडलेला ऊस बांधावर पडला की त्याचे वजनही घटते आणि त्यातली साखरही. उन्हाळ्यात हे नुकसान जास्त होते. तोडलेल्या टिपऱ्याच्या तोंडातून 'ल्युकोनोस्टॉक' नावाचे जंतू शिरतात, साखर खातात आणि तिचा चिकट बुळबुळीत पदार्थ करून ठेवतात. म्हणून तर टोळी, गाडी आणि गव्हाण यांचा मेळ बसावा यासाठी सारी धडपड असते. ऊस तोडल्यावर २४ तासांत गाळपाला यावा, हे आपण ऐकत आलो आहोत आणि ते खरेही आहे.

पण आता आपल्या बारामती-इंदापूर भागातला सभासद नुसत्या उसावर राहिलेला नाही. नीरा डाव्या कालव्याखाली आणि उजनीच्या फुगवट्याच्या कडेने ऊस आहेच. पण वरच्या हलक्या माळावर डाळिंब आहे, पेरू आहे, कुठे द्राक्षबाग आहे, कुठे ढोबळी मिरची, टोमॅटो आणि काकडी आहे. एकाच सात-बाऱ्यावर ऊस आणि फळबाग अशी दोन्ही पिके नांदतात. उसाला कारखाना आहे, वजनकाटा आहे, ठरलेला दर आहे. फळाला यातले काही नाही. सकाळी तोडले, रात्री बाजारात गेले आणि पहाटे लिलावात जे मिळाले ते घेऊन परत आले, असा तो व्यवहार आहे.

अशा वेळी हल्ली एक नवी गोष्ट कानावर येते. फळावर खाण्याजोगा पातळ लेप द्यायचा, त्यात जंतू आणि बुरशी रोखणारा पदार्थ असतो, आणि फळ दुप्पट दिवस टिकते, असे सांगितले जाते. कॅन घेऊन विक्रेते येतात, माहितीपत्रके देतात. घ्यावे की न घ्यावे? आमचे मत सभासदांसमोर मोकळेपणाने ठेवणे आम्ही आमचे काम समजतो.

लेप करतो काय?

फळ तोडले तरी ते जिवंत असते. ते श्वास घेते, म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन आतली साखर जाळते आणि ऊब, पाणी व कर्बवायू बाहेर टाकते. सालीच्या बारीक छिद्रांतून पाणी उडत राहते. वजन साधारण पाच टक्के घटले की बहुतेक फळे सुरकुतलेली दिसू लागतात. डाळिंबाचे तर असे होते की, आतला दाणा चांगला लालभडक असतो, पण साल वाळून तपकिरी पडल्यामुळे गिऱ्हाईक हात लावत नाही. त्यातच सालीला चरा पडला, देठाशी जखम झाली की तिथून बुरशी शिरते.

लेप यातली दोन-तीन कामे करतो. मेणासारखा असेल तर पाणी उडणे कमी करतो. हवेची ये-जा थोडी अडवून फळाचा श्वास मंद करतो, त्यामुळे पिकणे लांबते. आणि त्यात जंतुरोधक घटक असेल तर बुरशीला बसायला जागा देत नाही. असा घटक म्हणून सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो 'कायटोसन'चा. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून तो काढतात. व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात तो विरघळतो आणि फळावर वाळला की पातळ पापुद्रा होतो. याशिवाय लवंग, दालचिनी, ओवा यांच्या अर्कांचे आणि कोरफडीच्या गराचेही प्रयोग झाले आहेत. स्पेनमध्ये २००५ च्या सुमारास द्राक्षांवर कोरफडीचा लेप देऊन पाहिला होता.

हे सगळे परदेशी डोक्यातून आले असे समजू नये. आपल्या घरातल्या बाईने तुरीच्या डाळीला आणि गव्हाला एरंडेल चोळून ठेवले, ते काय होते? दाण्यावर तेलाचा पातळ हात, म्हणजे कीड लागत नाही. लोणच्याच्या बरणीत फोडी बुडतील इतके तेल वर ठेवायचे, ते हवा अडवण्यासाठीच. खुद्द निसर्गानेही हेच केले आहे. द्राक्षमण्यावरची पांढुरकी लव आणि उसाच्या कांड्यावरची पांढरी भुकटी हे मेणच आहे.

मेणाचे महत्त्व पाहायचे असेल तर तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर जावे. तिथे द्राक्षे डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. त्याने मण्यावरच्या मेणाची घडी मोडते, पाणी झपाट्याने बाहेर पडते आणि पंधरवड्याच्या आसपास बेदाणा तयार होतो. मेण मोडले की फळ लवकर वाळते. मेण चढवले की उशिरा वाळते. सगळे शास्त्र एवढ्यात आले.

आपल्या देशातही हे काम जुने आहे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली सुरू झाली आणि तिने फळांसाठी मेणाचे पातळ द्रावण फार पूर्वीच तयार केले. तेव्हा लेप ही जादू नाही आणि फसवणूकही नाही. ते एक साधन आहे. साधनाचा उपयोग आणि मर्यादा दोन्ही कळल्या पाहिजेत.

लेपाने काय होत नाही

पहिली गोष्ट, लेपाने वाईट फळ चांगले होत नाही. तेल्याचा डाग पडलेले डाळिंब लेपाखालीही डागीच राहते. बागेतून बुरशी घेऊन आलेले फळ लेपाने बरे होत नाही. डाळिंबाच्या मुकुटात जी बुरशी फुलोऱ्यापासून दडून बसते, तिच्यापर्यंत लेप नीट पोहोचतही नाही.

दुसरी गोष्ट, लेप म्हणजे शीतगृह नव्हे. तापमान दहा अंशांनी वाढले की फळाचा श्वास दुप्पट-तिप्पट होतो. एप्रिलच्या उन्हात ट्रकवर ताडपत्रीखाली शिजणाऱ्या मालाला कितीही भारी लेप दिला तरी काय उपयोग? डाळिंब पाच ते सात अंशांत आणि दमट हवेत ठेवले तर ते आठवडेच्या आठवडे टिकते. २०२५ च्या सुरुवातीस आपला भगवा डाळिंब बोटीने ऑस्ट्रेलियात सिडनीला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोहोचला. दोन्ही प्रवास पाच आठवड्यांच्या आसपासचे होते. निवडक फळ, योग्य तापमान आणि आधी केलेल्या साठवणुकीच्या चाचण्या यांच्या बळावर ते झाले. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे या कामी साहाय्य होते. नुसत्या कॅनमधल्या द्रावणाने हे साधले नसते.

तिसरी गोष्ट, लेप जाड झाला तर नुकसानच होते. हवा पूर्ण कोंडली की फळ आतल्या आत आंबते आणि त्याला दारूसारखा वास येतो. मळीच्या टाकीत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. तसेच फळाच्या पोटात होते. म्हणून 'दोन हात जास्त द्या, जास्त टिकेल' हा हिशोब इथे चालत नाही.

चौथी गोष्ट, सगळ्या फळांना एकच औषध लागू पडत नाही. लिंबू, संत्रे, काकडी यांना मेण मानवते. द्राक्षघड बुडवला तर त्याची लव जाते आणि घडाच्या आत ओल राहते. म्हणून द्राक्षाच्या निर्यातीत पूर्वशीतकरण आणि पेटीत ठेवायचा गंधकाचा कागद हाच रस्ता रुळला आहे. पेरूची गोष्ट मात्र निराळी. साल पातळ, पिकण्याची घाई मोठी. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात संस्थेचा जो अहवाल २०१५ साली आला, त्यात पाहिलेल्या फळभाज्यांमध्ये सर्वांत जास्त नासाडी पेरूची होती, सुमारे १६ टक्के. म्हणजे आपल्या भागात लेपाची चाचणी घ्यायचीच तर ती पेरूवर आधी घ्यावी, असे आमचे मत आहे.

कायदा आणि भरवसा

आता एक महत्त्वाची बाब. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांवर लावण्यासाठी तीन मेणांची नावे दिली आहेत: मधमाशीचे मेण, कार्नोबा नावाच्या ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांचे मेण, आणि लाखेपासूनचे मेण. खनिज तेल किंवा रंग लावायला बंदी आहे. आणि मेण लावले असेल तर तसे लेबलावर लिहिले पाहिजे. तेव्हा जो कोणी या तिन्हींखेरीज दुसरे काही विकायला येईल, त्याच्याकडे परवानगीचा कागद मागावा. 'हर्बल आहे, नैसर्गिक आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. धोतराही नैसर्गिकच आहे.

दुसरे असे की, डाळिंब आणि पेरू ही उपवासाची फळे आहेत. आपल्या भागातून दरवर्षी तुकोबारायांची पालखी जाते. बारामती आणि इंदापूरच्या घराघरांत माळकरी आहेत. लाखेचे मेण किड्यापासून मिळते आणि कायटोसन बहुधा कोळंबीच्या कवचाचे असते. (बुरशीपासूनही ते काढता येते, पण ते विक्रेत्याने कागदावर दाखवावे लागेल.) कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्याला न सांगता खाऊ घालणे हे पाप आहे आणि व्यापारातही ते अंगाशी येते. काहींना कोळंबीची ॲलर्जी असते, त्यांच्या दृष्टीनेही हे सांगणे आवश्यक. एकदा गिऱ्हाईकाचा विश्वास उडाला की बारामतीची पेटी म्हणून मिळणारा मान जायला वेळ लागणार नाही.

पट्टी काय सांगते?

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. फळ चार दिवस जास्त टिकले, तर त्या चार दिवसांचा पैसा कोणाला मिळतो?

उदाहरणादाखल हिशोब मांडून पाहू. एक टन पेरू धरा. त्यातला १६ टक्के म्हणजे १६० किलो माल बागेपासून दुकानापर्यंत जातो-येतो आणि नासतो. लेपामुळे त्यातला निम्मा वाचला असे माना. खरे तर तोडताना आणि निवडताना होणारी नासाडी लेपाने वाचत नाही, तरी उदार मनाने निम्मा धरू. म्हणजे ८० किलो. किलोला २० रुपये भाव धरला तर १,६०० रुपये वाचले. धुणे, लेप देणे, वाळवणे आणि मजुरी मिळून किलोला १ रुपया खर्च आला, तर तो १,००० रुपये. उरले ६०० रुपये.

पण हे ६०० रुपये कोणाचे? आपला सभासद रात्री गाडी भरतो आणि पहाटे लिलावात माल देऊन मोकळा होतो. त्याच्या हातात फळ एक रात्र असते. नासाडी होते ती पुढे, व्यापाऱ्याच्या गाळ्यात आणि दुकानदाराच्या टोपलीत. म्हणजे वाचलेले १,६०० रुपये तिकडे वाचले. आणि १,००० रुपये खर्च मात्र आपल्या पट्टीवर पडला. हमाली, तोलाई यांत आणखी एका रकान्याची भर! लेप दिलेल्या मालाला लिलावात किलोमागे एक-दीड रुपया जास्त मिळाला तरच बरोबरी होईल. आणि तो मिळेलच याची हमी कोणी देत नाही.

टिकाऊपणाचा फायदा ज्याच्या हातात थांबण्याची ताकद असते त्याला होतो. ज्याला आजच विकले पाहिजे, त्याचे फळ दहा दिवस टिकले काय आणि चार दिवस टिकले काय, सारखेच.

ही गोष्ट ऊसवाल्याने तरी विसरू नये. एके काळी उसाचा गूळ करून पेठेत न्यायचा आणि आडत्या म्हणेल तो भाव घ्यायचा, हेच आपल्या वाडवडिलांच्या नशिबी होते. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा काय बदलले? ऊस टिकत नाही, पण साखर टिकते. ती गोदामात राहते, बँक तिच्यावर उचल देते, भाव पाहून विकता येते. शेतकऱ्याच्या हातात थांबण्याची ताकद आली, ती अशी. ती एकट्यादुकट्याला आली नसती. ती सर्वांनी मिळून भागभांडवल घातले म्हणून आली.

द्राक्षवाल्यांनीही हेच केले. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून पुण्यात 'महाग्रेप्स' उभी केली. सुरुवातीच्या वर्षांत परदेशातून माल नापसंत होण्याचे प्रसंग आले. मग तोडणी, पूर्वशीतकरण, पेटी आणि गंधकाचा कागद हे सगळे एका शिस्तीत बसवले आणि बाजार मिळवला. तंत्र सगळ्यांनी मिळून शिकले की त्याचा पैसा बागेपर्यंत येतो, हा त्यातला धडा.

मग करावे काय?

आमच्या सूचना अशा.

एकेकट्या सभासदाने कॅन विकत घेऊन प्रयोग करू नये. घ्यायचीच असेल तर गावातल्या पाच-दहा बागायतदारांनी मिळून चाचणी घ्यावी. एकाच दिवशी, एकाच बागेतली, सारख्या पक्वतेची २०० फळे तोडावी. १०० ला लेप द्यावा, १०० तशीच ठेवावी. दोन्ही एकाच खोलीत ठेवून दर दोन दिवसांनी वजन करावे, कुजलेली मोजावी, शेवटी चिरून चव आणि वास पाहावा. विक्रेत्याने आणलेल्या फोटोवर जाऊ नये. आपल्या काट्यावर जावे. चाचणीच्या कामी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल. सोलापूरचे डाळिंब केंद्रही काही लांब नाही.

लेपाच्या आधी तोडणी सुधारावी. सकाळी थंड वेळी कात्रीने देठ ठेवून तोडणे, क्रेटमध्ये कागद घालणे, सावलीत ठेवणे, डागी फळ जागेवरच बाजूला काढणे. याला कॅन लागत नाही आणि पहिला फायदा यातूनच होतो.

आपल्या कारखान्याने एक विचार जरूर करावा. सभासदांच्या फळांसाठी एक छोटे सामायिक पॅकहाऊस आणि पूर्वशीतकरणाची खोली, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. लेप त्यात शेवटची पायरी म्हणून यावा. गळीत हंगाम संपल्यावर रिकामे राहणारे मनुष्यबळ आणि वाहने यांचा त्यात उपयोग होईल का, याचा हिशोब संचालक मंडळाने वार्षिक सभेपुढे ठेवावा. खर्च जास्त वाटला तर शेजारच्या कारखान्यांना बरोबर घ्यावे. कारखाने उसासाठी एकमेकांशी भांडतात. पेरूसाठी तरी एकत्र बसायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट आमच्या मनात आहे. फळांच्या लेपाचा एक प्रकार चक्क साखरेपासून होतो. साखर आणि खाद्यतेलातली स्निग्धाम्ले यांच्या संयोगातून बनवलेली अशी द्रव्ये ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात बाजारात आली. 'सेंपरफ्रेश' हे त्यातले एक नाव. तसेच उसाच्या कांड्यावरचे मेण गाळपात रसाबरोबर येते आणि शेवटी प्रेसमडमध्ये जाते. जगात काही ठिकाणी प्रेसमडपासून मेण काढलेही आहे. आपण तेच प्रेसमड खत म्हणून शेतात टाकतो. तेही वाया जात नाही, हे खरे. पण ज्या मेणाच्या लेपासाठी आपला सभासद उद्या पैसे मोजणार, त्याचा कच्चा माल आपल्याच कारखान्याच्या आवारात पडलेला आहे, हे ध्यानात असावे. उद्याच कारखाना काढा असे आमचे म्हणणे नाही. आपल्या उसातल्या मेणाचा लेपासाठी उपयोग होईल का, त्याला आपल्या देशात परवानगी मिळवावी लागेल का आणि खर्च परवडेल का, एवढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

लेप चांगला की वाईट, हा वाद आम्हांला घालायचा नाही. योग्य फळावर, योग्य प्रमाणात, कायद्याने मान्य असलेला आणि लेबलावर लिहिलेला लेप हा चांगलाच आहे. पण विकत आणलेल्या टिकाऊपणाचे पैसे आपण द्यायचे आणि त्याचे फळ दुसऱ्याने खायचे, हा व्यवहार सभासदांनी करू नये. आधी थांबण्याची ताकद एकत्र येऊन कमवू. मग लेपाचा कॅन खुशाल उघडू.

येत्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनी स्वतः मांडावा. गावोगावच्या गटबैठकीत त्यावर बोलणे व्हावे. ज्यांनी लेप वापरून पाहिला असेल त्यांनी आपला हिशोब, फायद्याचा असो की तोट्याचा, पट्टीसह आमच्याकडे पाठवावा. तो याच पानावर छापू.